रीळ चौदा, सांधा एक

१

रविवारी सकाळी दहा वाजता चौदाव्या डब्यातून जुन्या जाहिराती निघाल्या आणि मॅनेजरांच्या तोंडचं पाणी पळालं.

तसं पाहिलं तर त्या थिएटरात आता चोरीला जाण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. सोमवारी पाडकाम सुरू व्हायचं होतं. शहराच्या मध्यावर, चार रस्ते मिळतात तिथे ते सत्त्याऐंशी वर्षं उभं होतं. वर घुमट, आत अकराशे खुर्च्या, दर्शनी जिन्याला पितळी कठडा, आणि तो कठडा लोकांचे हात लागून लागून गुळगुळीत झालेला. शेवटचा खेळ दुपारी तीनचा होता. रांग सकाळी आठपासून लागली होती. त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या खिशात एकेक पडदा होता, घरी भिंतीवर आणखी मोठा होता, तरी माणसं उन्हात उभी होती. इथल्या अंधारात कुणी पहिल्यांदा कुणाचा हात धरला होता, कुणी पहिल्यांदा आपल्या वडिलांना रडताना पाहिलं होतं. असल्या गोष्टी घरच्या पडद्यावर सापडत नाहीत.

चित्रपट जुनाच लावायचा होता. चाळीस-बेचाळीस वर्षांपूर्वी याच थिएटरात त्याचा शेवट चित्रित झाला होता, म्हणून दरवर्षी वर्धापनदिनाला तोच दाखवायचा इथला शिरस्ता. एकूण चौदा रिळं. जगात प्रत एकच उरलेली, आणि आजचा खेळ संपला की ती कायमची संग्रहालयात जायची होती. आता तिचं शेवटचं रीळच गायब होतं.

मॅनेजरांनी वितरकाच्या कचेरीत फोन केला आणि अर्ध्या तासात भिंगबाई हजर झाल्या. खरं नाव कचेरीच्या हजेरीपटावर असेल तेवढंच. प्रती तपासायचं काम, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग, म्हणून सगळे भिंगबाई म्हणत. गेली सव्वीस वर्षं या प्रतीचा फूटन् फूट त्या बोटांतून सरकवून बघत होत्या. फिल्मवरचा ओरखडा त्यांना नजरेआधी बोटाला कळायचा, अशी त्यांची ख्याती होती.

"बाई, मी एक वाजेपर्यंत वाट बघणार," मॅनेजर रुमालाने मान पुसत म्हणाले. "मग पोलीस. या खोलीची किल्ली एकाच माणसाकडे असते, आणखी काय सांगू?"

तो एक माणूस, म्हणजे ऑपरेटर, सगळ्यांचे काका, दोन मशिनांच्या मधल्या स्टुलावर मान खाली घालून बसला होता. चव्वेचाळीस वर्षं या खोलीत काढून आज दुपारी निवृत्त व्हायचं, आणि एक वाजेपर्यंत रीळ मिळालं नाही तर चोर म्हणून घरी जायचं, अशी त्यांच्यावर वेळ आली होती.

"काका, पहिल्या रिळाआधी तुम्ही चौदावा डबा कशाला उघडलात?" भिंगबाईंनी विचारलं.

"असाच," काका म्हणाले.

भिंगबाईंनी डबा उचलून पाहिला. वजन अगदी नेहमीचं. नुसता डबा उचलणाऱ्याला शंकाच येऊ नये, अशी कुणीतरी काळजी घेतली होती. मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. जाहिरातींच्या फिल्मचं मोकळं टोक सुटू नये म्हणून ते बसवून टाकलेलं होतं, आणि तेही टाचणीने. या धंद्यातला माणूस एक वेळ स्वतःच्या बोटात टाचणी खुपसून घेईल, फिल्मला लावणार नाही. तिथे चिकटपट्टीच लागते.

त्यांनी टाचणी वर धरली तेव्हा काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

२

टाचण्यांची डबी मॅनेजरांच्या टेबलावरच होती.

"अहो, ऑफिस म्हटल्यावर टाचण्या असणारच की!" मॅनेजर उखडले. "मला काय करायचंय ते रीळ? आयुष्यभर 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावायला तरसलो, आज लागली तर मीच खेळ बुडवीन होय?"

"काल संध्याकाळी काय करत होतात?"

"ही यादी." त्यांनी कागद पुढे सरकवला. "मालकांनी सांगितलंय, प्रत्येकाने एकेक वस्तू आठवण म्हणून न्यावी."

यादी अशी होती: मॅनेजर, व्हरांड्यातलं घड्याळ. डोअरकीपर, आपली विजेरी. कँटीनवाला, काचेची बरणी. शिवणकामाच्या काकू, बाल्कनीतली एक खुर्ची. ऑपरेटर, काही नको.

"काकू म्हणजे ऑपरेटरकाकांच्या घरच्या ना?"

"त्याच. पडदा, खुर्च्यांच्या गाद्या, सगळं त्याच शिवत आल्या. हातगाडी सांगून ठेवलीय खुर्चीसाठी. नेऊ देत बिचाऱ्या. काकांचं मात्र बघा, काही नको! ज्याला काही नको असतं त्याने आधीच काहीतरी घेतलेलं असतं."

बोलणं कडू होतं, पण भिंगबाईंना ते अगदीच टाकाऊ वाटलं नाही.

डोअरकीपर व्हरांड्यात विजेरी पुसत बसला होता. अंधारात लुकलुकत फिरायचा म्हणून त्याला काजवा म्हणत. वय झालं, पोट सुटलं, तरी तो काजवाच राहिला.

"काल ऑपरेटरच्या खोलीत कोण गेलं होतं?"

"कोण नाही गेलं ते विचारा, बाई. शेवटचा शनिवार. काका साडेसहाला पडद्याची मोटर बघायला खाली आले, तर दार सताड उघडं. मॅनेजर चढले, काकू जेवणाचा डबा घेऊन गेल्या, धाकटे मालक गेले. मी पण एक चक्कर मारली, खोटं कशाला बोलू?" मग त्याने आवाज खाली आणला. "धाकट्या मालकांचं बोलणं ऐकलंय मी. म्हणत होते, उद्याचा खेळ झालाच नाही तर बरं."

धाकटे मालक जिन्यात उभे होते, कठड्यावर हात ठेवून. त्यांच्या आजोबांनी हे थिएटर बांधलं आणि त्यांनी ते विकलं होतं.

"म्हणालो होतो," ते म्हणाले. "बाहेर जाऊन त्या रांगेसमोर उभ्या राहा, म्हणजे का म्हणालो ते कळेल. कुणी शिव्या देत नाही हो. एक म्हातारे गृहस्थ माझा हात हातात घेऊन आभार मानून गेले. शिव्या परवडल्या असत्या." मग त्यांनी विचारलं, "पण एक सांगा, सिनेमाची रिळं चौदा असतात? मला वाटलं, तीन-चार असतील."

ज्याला रिळं किती ते माहीत नाही, तो शेवटचं नेमकं कसं उचलेल आणि तेवढ्याच वजनाचं दुसरं कसं भरेल? भिंगबाईंनी त्यांना मनातल्या मनात सोडून दिलं. तेवढ्यात काजवा धापा टाकत जिना उतरला.

"बाई, वर चला. काकांनी कबूल केलं. म्हणतात, मीच घेतलं."

३

"जाळलं," काका भिंतीकडे बघत म्हणाले. "काल रात्री, मागच्या अंगणात. परक्याच्या हातात जायला नको म्हणून."

मॅनेजरांनी फोन उचललाच होता. भिंगबाईंनी हातानेच त्यांना थांबवलं.

"राख कुठंय काका?"

"उडाली वाऱ्यावर."

"चव्वेचाळीस वर्षं फिल्म हाताळलीत ना तुम्ही? ही काय भडकणारी जुनी फिल्म आहे? ही वितळते. चिकट गोळा होतो आणि घाण वास दोन दिवस हलत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं?"

काकांची नजर टेबलावरच्या टाचणीकडे गेली आणि परत फिरली.

"धड खोटंही बोलता येत नाही तुम्हाला," भिंगबाई मऊ आवाजात म्हणाल्या. "ती टाचणी पाहिलीत आणि कुणाला तरी पाठीशी घालायला निघालात. मॅनेजर, ठेवा तो फोन. अजून सव्वा तास आहे."

त्या बाहेर येऊन बाल्कनीच्या पायरीवर बसल्या आणि पिशवीतून तपासणीची कार्डं काढली. सव्वीस वर्षांची सव्वीस कार्डं. चौदाव्या रिळापुढे दरवर्षी त्यांच्याच अक्षरात तेच लिहिलेलं: 'सांधा एक, मजबूत. पट्टी नवी.' तुटलेली फिल्म जोडतात तो सांधा. सांधे मोजायचे आणि पुढे जायचं, हीच कामाची पद्धत. रिळाची लांबी कुणी फुटाने मोजत बसत नाही.

पट्टी नवी. दरवर्षी नवी. तेव्हा त्यांना वाटलं होतं, ऑपरेटर किती काळजी घेणारा आहे. आता त्यांनी सव्वीसही ओळी पुन्हा वाचल्या. सांधा मजबूत आहे, तर दरवर्षी पट्टी बदलायचं कारण काय? पहिल्यांदाच विचारायला हवं होतं, आणि त्यांनी सव्वीस वेळा विचारलं नव्हतं.

"काजवा," त्यांनी हाक मारली. "या चित्रपटाचं शेवटचं रीळ खास बघायला कुणी येतं का रे?"

काजवा घुटमळला. "काकू येतात की. वर्षातनं एकदाच. शेवटचं रीळ लागलं की गुपचूप वर येतात. बाल्कनीत मागून दुसरी रांग. कडेची खुर्ची रिकामी सोडतात आणि तिच्या शेजारी बसतात. त्या खुर्चीचं तिकीट आम्ही फाडतच नाही."

"का?"

"तुम्हाला माहीत नाही?" तो म्हणाला. "त्यांची मुलगी बसली होती तिथे, शूटिंगच्या दिवशी. सहा वर्षांची होती. कॅमेरा इथे, ऑपरेटरच्या खिडकीशेजारी ठेवला होता. पडद्याकडे बघणारी सगळी माणसं पाठमोरी दिसतात ना, त्यात ती पण आहे. त्याच थंडीत तापाने गेली. फोटो काढायचा राहूनच गेला होता हो. आहे ते एवढंच."

सव्वीस वर्षं ती फिल्म बोटांतून गेली, आणि कुणी सांगितलं नाही, कारण ओरखड्यांपलीकडे त्यांनी कधी काही विचारलंच नव्हतं.

भिंगबाई उठल्या आणि मागून दुसऱ्या रांगेतून भिंग घेऊन खुर्चीमागून खुर्ची बघत निघाल्या. मखमल विटलेली, शिवणीचा दोरा विटून करडा झालेला. कडेच्या खुर्चीचा दोरा मात्र लालबुंद होता. कालपरवाच घातलेली, दुपदरी, देखणी शिवण. जे थिएटर सोमवारी पडायचं, त्यातल्या खुर्चीला शनिवारी कोण शिवतं? त्यांनी गादीवर तळहात दाबला. आत ताटाएवढं, गोल, कठीण काहीतरी हाताला लागलं.

"उसवू नका, बाई," मागून आवाज आला. "हात जोडते तुम्हाला."

४

काकू चणीने एवढ्याशा. कमरेला कात्री, पदराला टाचण्या. त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या, म्हणजे दरवर्षी बसायच्या तिथेच.

"घरी मशीन नाही, काकू. तुम्ही ते बघणार कसं होतात?"

"बघायचं नव्हतंच मला. उरलीय तेवढी राहू दे, एवढंच." त्या आपल्या हातांकडे बघत बोलत होत्या. "शूटिंगच्या वेळी बजावलं होतं, कुणी मागे वळायचं नाही. पण तिचे बाबा मागच्या खिडकीत होते ना. वळली, वर बघितलं आणि हसली. तिला रागवायचं सोडून त्या लोकांनी तेच ठेवून दिलं. पहिली काही वर्षं किती छान दिसायची! मग ती लवकर जायला लागली."

"लवकर म्हणजे?"

"हसणं पुरं व्हायच्या आतच जायची. मग काही वर्षांनी नुसती वळायची, हसायचीच नाही. गेल्या वर्षी तर दोन वेण्या तेवढ्या दिसल्या, चेहरा नाहीच. मला आधी वाटलं, माझेच डोळे गेले. दोनदा चष्मा बदलला. मग ह्यांना विचारलं, तर म्हणाले, मशीनमधून जाऊन जाऊन फिल्म झिजते. म्हटलं, आज पुन्हा लावली तर वेण्याही जायच्या. म्हणून काल डबा द्यायला गेले आणि घेऊन आले. चोरी म्हणा हवं तर."

भिंगबाईंनी हातातलं भिंग खाली केलं. फिल्म झिजते, तेव्हा तिच्यावर रेघा पडतात, रंग उडतो. ती आखूड होत नाही. आखूड व्हायला कात्री लागते. कात्री कुणाची, हेही त्यांना कळून चुकलं होतं. कार्डांत त्यांनी स्वतःच सव्वीस वेळा लिहून ठेवलं होतं ते. हे या बाईला सांगायचं की नाही, हा एकच प्रश्न उरला होता.

त्यांना सांगावं लागलं नाही. काका वरच्या पायरीवर येऊन उभे होते. किती वेळ ते कोण जाणे.

"मशीन नाही," ते म्हणाले. "मी."

त्यांनी खिशातून चष्म्याचं घर काढून काकूंच्या मांडीवर ठेवलं. आत चष्मा नव्हता. पातळ कागदाच्या चिमुकल्या पुड्या होत्या. प्रत्येकीवर एकेक साल. एकूण चाळीस.

"ती माझ्याकडे बघून हसली होती," काका म्हणाले. "आणि मी तेव्हा मशीनकडे बघत होतो. पाहिलंच नाही गं मी. ती गेल्यावर सिनेमा लागला, तेव्हा पडद्यावर पाहिलं. तेही अकराशे लोकांबरोबर. म्हटलं, एक तुकडा आपल्यापाशी असावा, दिव्यापुढे धरून बघता येईल. एकच घेणार होतो. पुढच्या वर्षी वाटलं, आणखी एक. हसण्याच्या शेवटाकडून एकेक. आज सकाळीसुद्धा त्यासाठीच डबा उघडला होता."

काकूंनी एक पुडी उघडली. नखाएवढा फिल्मचा तुकडा उजेडाकडे धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. खाली व्हरांड्यात घड्याळाने बाराचे ठोके दिले.

"चाळीस वर्षं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी माझ्या डोळ्यांना दोष देत बसले. आणि तुम्ही तिला खिशात घालून माझ्या शेजारी जेवायला बसत होतात."

काका पायरीवर खाली बसले.

काकूंनी कमरेची कात्री काढली आणि स्वतःची देखणी शिवण स्वतःच टराटरा उसवली. रीळ बाहेर काढून भिंगबाईंच्या हातात दिलं.

"बाई, हे परत जोडता येतं?"

५

येतं म्हणाल्या खऱ्या, पण एकेक फ्रेम सुटी जोडायचं काम भिंगबाईंनीही जन्मात केलं नव्हतं. एकेचाळीस सांधे, हातात जेमतेम अडीच तास. ऑपरेटरच्या टेबलावर तिघं बसली. काकू सालं वाचून पुडी पुढे करायच्या, सर्वात अलीकडचं साल आधी. काका चिकटपट्टी कापायचे. भिंगबाई कडा जुळवून दाबायच्या. नवरा-बायको एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हती. मध्येच एकदा काकूंनी हात पुढे केला आणि भिंगबाईंनी गळ्यातलं भिंग काढून दिलं. ते आजवर दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं नव्हतं.

एक वाजता मॅनेजरांनी दार वाजवलं.

"सापडलं," भिंगबाईंनी आतूनच सांगितलं. "कुठे ते विचारू नका."

मॅनेजर "बरं" म्हणाले आणि 'हाऊसफुल्ल'ची पाटी लावायला गेले.

तीन वाजता पडदा सरकला तेव्हा अकराशे माणसांनी एकदम श्वास घेतला, तो वरच्या खोलीपर्यंत ऐकू आला. धाकटे मालक तिकिटाशिवाय शेवटच्या भिंतीला टेकून उभे होते. तेरा रिळं गेली. चौदावं मशीनवर चढलं, तेव्हा काजव्याची विजेरी बाल्कनीत आली आणि काकूंना त्यांच्या जागेपर्यंत पोहोचवून गेली. शेजारची खुर्ची गादी उसवलेली, रिकामी होती.

काकांचा हात सवयीने मशीनच्या दिव्याकडे गेला. भिंगबाईंनी तो बाजूला केला.

"मशीन मी बघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिकडे बघा."

काका खिडकीशी गेले. पडद्यावर हीच बाल्कनी आली, पाठमोरी माणसं, कडेला दोन वेण्या. मग मशीनमधून सांधे टकटकत गेले, आवाज खरखरला, चित्र किंचित थरथरलं. मुलगी वळली. वर बघितलं. हसली. पूर्ण हसली, दात पडलेला दिसेपर्यंत. सगळं मिळून दोन सेकंदसुद्धा नाही. अकराशे लोकांतल्या कुणाच्या ते ध्यानातही आलं नसेल.

खाली मागून दुसऱ्या रांगेत काकू पडद्याकडे बघत नव्हत्या. पावणेदोन सेकंदांतलं जेवढं डोळ्यांत मावलं तेवढं घेऊन त्या मागे वळल्या होत्या आणि मान वर करून ऑपरेटरच्या खिडकीकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. माफी होती की नव्हती, तेही अंधारात कळायला मार्ग नव्हता. पण त्या बघत होत्या, आणि या खेपेला काका मशीनकडे बघत नव्हते.

दिवे लागले तरी लोक उठेनात. काजव्याने दारं उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. कुणी घुमटाकडे बघत होतं, कुणी खुर्चीच्या हातावरून हात फिरवत होतं. सोमवारी सकाळी पहिला घण पडायच्या आधी तिथून एक हातगाडी निघाली. तिच्यावर एक खुर्ची होती, एका बाजूने काकू चालत होत्या आणि दुसऱ्या बाजूने काका.

भिंगबाईंनी संग्रहालयाच्या दारात बसून शेवटचं कार्ड भरलं. पहिल्यांदाच त्यांनी चौदावं रीळ फुटाने मोजलं होतं. नेहमीची ओळ लिहायला हात गेला, तो त्यांनी आवरला आणि सावकाश लिहिलं: 'रीळ चौदा. सांधे एकेचाळीस. लांबी पूर्ण.'